पडलं तरी साडेतीन गुण

१७ जाने. २०१६, रविवार. लातूर

टँकर आला नेमका मी मीटिंगला निघताना. तनूला घागरींपाशी उभं केलं आणि गेले. तेरा वर्षांची लेक माझी, पण बायकांच्या रांगेत माझ्यापेक्षा चांगली भांडते.

मीटिंग तांत्रिक समितीची. तिघंच. सचिव, उदगीर-जळकोटकडचे बिरादार सर, आणि मी. सचिवांनी बातमी दिली. उदगीर जिल्हा होणार होणार म्हणून कधीपासून ऐकतोय, सरकारनं अजून केला न्हाई, पण आमच्या स्केटिंग संघटनेनं करून टाकला. पुढच्या वर्षीपासून त्यांचं युनिट वेगळं. बिरादार सरांना म्हणलं, आता कलेक्टर पण तुम्हीच नेमून टाका. हसले. म्हणजे एकत्र निवड ही शेवटची. चौदाच्या आतल्या मुलींत राज्य स्पर्धेला जागा एकच.

मग मी नियमाचं काढलं. सचिवांचं कापडाचं दुकान, त्यांना डबल म्हणजे हवेत दोन फेऱ्या हे दरवेळी नव्यानं सांगावं लागतं. सांगितलं. सिंगलला दोन गुण, डबलला चार. पण पोरगी पडली की जंपचा शून्य, वर एक गुण कापायचा. म्हणून आपल्या पोरी डबल मारायला भितात आणि पुण्या-मुंबईच्या घेऊन जातात. तेव्हा हवेत दोन फेऱ्या पूर्ण झाल्या असतील तर पडली तरी चार द्यायचे, फक्त अर्धा कापायचा. सचिवांना एकदम पटलं. बि. सर एवढंच म्हणले, "मॅडम, पडायला परवानगी देऊन राहिलात. फरशी कशी हाय आपल्याकडची, बघितली का?" म्हणलं, फरशीचं मी बघते.

ठराव झाला. परिपत्रक काढून तालुक्यांच्या क्लबांना पाठवायचं माझ्याकडं. स्पर्धा २१ फेब्रु.ला. बदल महिनाभर आधी कळवायचा असा संघटनेचाच नियम, म्हणजे २१ जाने.च्या आत.

जे बोलले ते सगळं खरं होतं. जे बोलले न्हाई ते इथं लिहिते. तनू डबल मारते. दहात चारदा उभी राहते, सहादा पडते, पण फेऱ्या पूर्ण होतात. अख्ख्या जिल्ह्यात दुसरी कुणी मारत न्हाई.

२० जाने.

परिपत्रक टाईप झालं. मोबाईलमध्ये आहे. ग्रुपवर टाकायचं तेवढं राहिलं. शाळेत आज मुतारीला पाणी न्हाई म्हणून पालक मुख्याध्यापकांच्या अंगावर धावून आले, मला मधे पडावं लागलं. डोकं उठलं. उद्या.

२४ जाने., रवि.

टाकलं न्हाई. नेट होतं, वेळ होता. टाकलं न्हाई.

तनूची प्रॅक्टिस दीड तास. शाळेची रिंक पूर्वी रोज पाणी मारून पुसायचो. आता माणसाला प्यायला न्हाई तर फरशीला कोण देतं. धूळ बसली की चाक पकड घेत न्हाई. म्हणून मी घरच्या धुण्याचं पाणी स्कूटीवर पायाशी बादली ठेवून नेते, पोतं भिजवून निम्मी फरशी पुसते. पहिल्यांदा सोड्याचं पहिलं पाणी नेलं होतं. वाळल्यावर पांढरट थर धरला आणि तनू सटकन गेली, कोपर सोलटलं. तेव्हापासून शेवटचं विसळलेलं नितळ पाणीच. दुसऱ्या पोरी येतात तोवर फरशी पुन्हा धुळीनं भरलेली असते. त्यांच्यासाठी बादली कुठनं आणू? खरं म्हणजे हा प्रश्न मला आजपर्यंत पडलाच नव्हता.

आज डबल अकरा मारले. पाच उभी.

३१ जाने., रवि.

आज टाकलं. दहा दिवस उशिरा. कुणी काही बोललं न्हाई. संध्याकाळी बि. सरांचा फोन, "मॅडम, आज आलं की हो परिपत्रक. तीनच आठवडे राहिले. आमची पोरगी डबल कधी शिकायची?" मी म्हणलं, काय सांगू सर, नेटवर्कचं पण नळासारखंच झालंय, कधी येतंय कधी जातंय. ते हसले. म्हणले, जाऊ द्या, आमची सिंगलच मारेल, नीट मारेल.

खोटं बोलताना मला विनोद सुचतात. हे स्वतःबद्दल आज कळलं.

७ फेब्रु.

हे नांदेडहून आले. पाटबंधारेत आहेत, पण घरी आल्यावर पाण्याचा विषय काढायचा न्हाई अशी त्यांची अट. जेवताना सहज म्हणले, नवीन नियम आपल्या तनूला बरा पडेल न्हाई का? मी भडकले. खामखा. म्हणलं, नियम जिल्ह्यासाठी आहे, सगळ्या पोरींसाठी आहे. त्यांनी भात वाढून घेतला. मग म्हणले, तू पंचात बसणार न्हाईस ना, मग झालं की.

हाव. मी पंचात बसणार न्हाई. लेक खेळते तिथं आई पंच नको, एवढी नीती आहे मला.

२१ फेब्रु., रवि.

झाली स्पर्धा.

जळकोटची प्रतीक्षा. बि. सर फोनवर म्हणले ती त्यांची शिष्या हीच. बारा वर्षं, काडीसारखी, बूट एक नंबर मोठे, आत कापूस कोंबलेला. आई सुनंदाबाई पिठाची गिरणी चालवते, तिच्या पदराला पण पीठ होतं. पोरीनं दोन सिंगल मारले. दोन्ही असे उतरले की चाकाचा आवाज आला न्हाई. स्पिन तर... मी वीस वर्षं पोरं शिकवतेय, मला असा स्पिन कुणाला शिकवता आलेला न्हाई. बघताना अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी मनात हिशोब चालू, की दोन सिंगलचे चारच.

तनूनं दोन डबल मारले. एक उभा राहिला. दुसऱ्याला पडली, आवाज झाला, उठली, हसत पुढं गेली. चार अधिक साडेतीन.

तनू पहिली. एका गुणानं. स्पिनमध्ये प्रतीक्षा अडीचनं पुढं होती, म्हणून एवढाच फरक. प्रतीक्षा दुसरी.

लोकांना कळेना. मागं कुणीतरी म्हणलं, पडली ती पहिली कशी काय? बि. सर उभे राहून लोकांना नियम समजावत होते. माझा नियम, ते समजावत होते. मी तनूचे बूट सोडत खाली मान घालून बसलेली.

सुनंदाबाई जवळ आली. आता बोलेल म्हणून मी तयार. ती म्हणली, मॅडम, तुमची लेक लई धीराची, पडली तर रडली न्हाई. आणि प्रतीक्षा माझ्याकडं बघून, "डबल कसं मारायचं, दाखवता का?" मी म्हणलं, सरांना विचार.

२२ फेब्रु.

ऑफ तासाला गुणपत्रिका घेऊन बसले. जुन्या नियमानं तनूच्या दुसऱ्या जंपचा शून्य, वर एक वजा. म्हणजे प्रतीक्षा पहिली. साडेतीन गुणांनी. थोडंथोडकं न्हाई.

हिशोबाचा कागद फाडला. मग तुकडे पर्समध्ये टाकले, शाळेच्या टोपलीत नको म्हणून. चोरानं करावं तसं सगळं करून राहिले मी.

७ मार्च, महाशिवरात्र

सिद्धेश्वराच्या जत्रेत बि. सर भेटले. कपाळाला भस्म, हातात नारळ. म्हणले, प्रतीक्षानं डबल धरलाय. जळकोटला शाळेच्या कोर्टावर रोज मारते. पन्नास-पन्नासदा पडते. कमरेला आईनं गिरणीतल्या पोत्याची घडी बांधून दिलीय.

मी विचारलं, आणि फरशी? ते म्हणले, तिथं फरशी कुठली, सिमेंट हाय, धूळ हाय. मी सांगतो तिला, सावकाश. ती म्हणते, मॅडमच्या नियमात पडलं तरी चालतंय.

बेल वाहिला. काय मागायचं ते सुचलं न्हाई.

१२ मार्च

उदगीरचं पत्र. नवं युनिट सुरू व्हायच्या आधीच त्यांची पहिली निमंत्रितांची स्पर्धा, २० ला. मला मुख्य पंच म्हणून बोलावलंय. खाली लिहिलंय, "आपण केलेले नियम आम्ही जसेच्या तसे स्वीकारले आहेत." तनू जाणार न्हाई, परीक्षा आहे. म्हणजे मी पंच होऊ शकते. हो म्हणून कळवलं. न्हाई म्हणायला कारण काय देणार होते?

२० मार्च, रवि. उदगीरहून येताना, एस.टी.त

गाडी हलतेय, तरी आजच लिहून काढते.

गेल्या गेल्या शाल, नारळ. माइकवर कुणीतरी म्हणलं, मॅडमनी मराठवाड्याच्या पोरींची भीती घालवली. टाळ्या.

मग संयोजक मला फरशी दाखवायला घेऊन गेले. खूश. म्हणले, मॅडम, लातूरला तुम्ही धुण्याच्या पाण्यानं पुसता असं ऐकलं, आम्हीपण तेच केलं, चार घरचं पाणी गोळा करून. मी खाली वाकले. बोट फिरवलं. पांढरट थर. सोड्याचं पहिलं पाणी. मला माहीत होतं. माझ्या पोरीचं कोपर त्याच्यानं सोलटलेलं मी पाहिलं होतं. आणि पाहुणे बसलेले, उद्घाटन अर्धा तास उशिरा झालेलं, शाल अजून खांद्यावर. मी म्हणलं, वाळलंय ना, चालेल.

चालेल म्हणले.

प्रतीक्षाची पाळी चौथी. कमरेला पोतं नव्हतं, ड्रेसमध्ये दिसतं म्हणून काढलेलं. पहिला स्पिन, तसाच. मग डबल. वर गेली, एक, दोन, दोन्ही फेऱ्या स्वच्छ, खाली येताना पुढचं चाक त्या थरावरनं निघून गेलं. डाव्या हातावर पडली. हात नको तिकडं वळला. ती ओरडली न्हाई. ओरडली ती सुनंदाबाई.

आणि आता जे लिहायचंय. माझ्यासमोर तक्ता. शेजारचा पंच नवीन पोरगा, तो विचारतो, मॅडम, फेऱ्या पूर्ण झाल्या का? मी म्हणलं, झाल्या. आणि माझ्या हातानं लिहिलं. ३.५. ती पोरगी फरशीवर पडलेली, बि. सर धावत निघालेले, आणि मी आधी आकडा लिहिला, मग उठले.

कुणी सांगितलं होतं लिहायला? कुणी न्हाई. नियम होता.

२१ मार्च. नांदेड

उदगीरला नुसतं बांधून दिलं, हाडात तार घालायची म्हणून रात्रीच नांदेडला आणलं तिला. मी रजा टाकून सकाळच्या गाडीनं आले. हे ऑफिसातनं परस्पर आले, डबा घेऊन. मनगटाची दोन्ही हाडं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणले, वय लहान आहे, भरून येईल.

सुनंदाबाई बाकड्यावर. मला बघून उठली. माझे हात धरले, म्हणली, तुम्ही एवढ्या लांबून आलात, मॅडम. मला वाटलं त्याच फरशीत गाडून घ्यावं.

दुपारी प्रतीक्षाला शुद्ध नीट आली. ओठ सुकलेले. मला ओळखलं. हळूच म्हणली,

"मॅडम, पडले, पण फेऱ्या झाल्या होत्या. धरले का गुण?"

म्हणलं, धरले बाळा. साडेतीन.

ती हसली. समाधानानं हसली. मी बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. हे शेजारी उभे. त्यांना वाटलं पोरीच्या दुखण्यानं रडते.

२७ मार्च

आठवडाभर मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. फरशी मी बघितली होती, थर दिसला होता, थांबवायला पाहिजे होतं, चूक माझी. सचिवांना सांगितलं, बि. सरांना सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळे म्हणतात, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेता. बि. सर तर म्हणले, तुमच्यासारखा कबूल करणारा माणूस मिळत न्हाई.

आज लक्षात आलं मी काय करून राहिले. फरशीची चूक सांगायला सोपी आहे. सांगितली की माणसं जवळ येतात. परिपत्रकाची चूक मी एकालाही सांगितलेली न्हाई.

३ एप्रिल

मनाला एक पळवाट सापडली, ती पण लिहून ठेवते. आता सांगून कुणाचं भलं? राज्य स्पर्धा मे महिन्यात. प्रतीक्षाचा हात गळ्यात. निकाल फिरवला तरी ती जाणार कशी? नाहक तनूचं नुकसान. गप बसणंच शहाणपणाचं.

दोन दिवस झोप बरी लागली.

१३ एप्रिल

काल मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. अख्खं गाव बघायला. आमच्या गल्लीत काही आलं न्हाई अजून, पण लोक नातेवाइकांना फोन करून सांगतात, पाणी आलं म्हणून.

आणि संध्याकाळी सचिवांचा निरोप. दुष्काळामुळं राज्य स्पर्धा पुढं ढकलली. मुलांच्या राहण्याची, पाण्याची सोय होत न्हाई. आता ऑगस्टमध्ये.

लगेच बि. सरांना फोन केला. प्रतीक्षाचं विचारलं. ते म्हणले, प्लास्टर मेच्या पहिल्या आठवड्यात निघतंय. जुलैपासून चाकावर उभी राहायला डॉक्टरनी हाव म्हणलंय. खूश होते. म्हणले, पुढच्या वर्षी बघा आता.

फोन ठेवला. पळवाट बुजली. ऑगस्टला ती जाऊ शकते. जागा तिची आहे.

२४ एप्रिल, रवि.

समितीची मीटिंग. मी ठराव मांडला, पडलेल्या जंपला गुण देण्याचा नियम रद्द करावा, मुलींच्या सुरक्षेसाठी. वर जोडलं की फरशी पंचांनी हात लावून तपासल्याशिवाय स्पर्धा सुरू करायची न्हाई. दोन मिनिटांत मंजूर. सचिव म्हणले, मॅडमनी स्वतः केलेला नियम स्वतः मागं घेतला, याला मोठेपणा लागतो. इतिवृत्तात लिहा हे.

बि. सर चहा ढवळत होते. म्हणले, मग मागच्या निकालाचं? सचिव म्हणले, तेव्हा नियम होता, नियमानं झालं, निकाल कायम. बि. सर म्हणले, हां, बरोबर हाय. नियम वेळेत कळवला असता तर आमचीही... जाऊ द्या. आणि माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. नुसतं बघितलं. म्हणले, नेटवर्क, न्हाई का मॅडम?

मी म्हणलं, हाव.

दुसऱ्यांदा. तोंडावर.

१ मे

नांदेडच्या युनिटनं नियमाची प्रत मागितली. म्हणलं रद्द झालाय. ते म्हणले, असू द्या, आमच्याकडंपण पोरी भितात. मी फोनवर अर्धा तास त्यांना नको म्हणून सांगत होते. शेवटी ते वैतागले, म्हणले, मग तुम्ही केलाच कशाला? पाठवणार न्हाई एवढं सांगितलं.

७ मे

पत्र लिहायला घेतलं. तीनदा. पहिल्यात "अनवधानाने विलंब झाला" असं लिहिलं आणि स्वतःचीच शिसारी आली. कसलं अनवधान? रोज मोबाईल उघडून त्या परिपत्रकाकडं बघायचे मी.

शेवटी असं झालं:

"परिपत्रक २० जानेवारीला तयार होते. ते मी ३१ जानेवारीपर्यंत मुद्दाम रोखून ठेवले. माझी मुलगी तन्वी ही एकटीच डबल मारत होती आणि तिला फायदा व्हावा म्हणून मी हे केले. महिन्याची मुदत पाळली गेली नाही, त्यामुळे नवा नियम त्या स्पर्धेला लागू होत नाही. जुन्या नियमाने गुण मोजावेत व निवड जळकोटच्या मुलीची करावी."

पाच वाक्यं. नोकरीवर येईल का? शाळा काय म्हणेल? पंचाचं कार्ड तर जाईलच. ते जाऊ दे. तनूला कसं सांगू?

८ मे, रवि.

हे नांदेडलाच. तनूला समोर बसवलं. आंब्याची फोड तिच्या हातात. सगळं सांगितलं. आधी फरशी, मग नियम, मग परिपत्रक. तोंड वर करून सांगायला जमलं न्हाई, चादरीच्या दशा बघत सांगितलं.

ती म्हणली, "मला माहीत होतं."

कसं?

"तुझ्या मोबाईलवर बघितलं होतं. तू तेव्हा पाठवलं नव्हतंस. म्हणून तर मी रोज डबलच मारायचे. मला वाटलं, तुला माहीत आहे की मला माहीत आहे."

माझी समजूत अशी की पाप माझं आणि लेक निर्मळ. मी तिला चार महिने गप राहायला शिकवत होते आणि ती शिकत होती. डबलपेक्षा लवकर शिकली.

मग तीच म्हणली, प्रतीक्षाचा हात बघितलास का तू, ऑपरेशन झाल्यावर? म्हणलं बघितला. तिनं फोड ताटलीत ठेवली, खाल्ली न्हाई.

११ मे

तनू तीन दिवस स्केट्सना हात लावत न्हाई. विचारलं तर म्हणते, ऊन आहे.

बि. सरांचा निरोप. प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, पण बोटं हलतात. सुनंदाबाईनं मला निरोप दिलाय, जात्याचं न्हाई पण गिरणीचं ताजं पीठ पाठवते म्हणून. त्या बाईला थांबवा कुणीतरी.

१४ मे

उद्या अकराला कार्यकारिणी आहे. पत्र मांडायचं तर उद्याच. पुढची बैठक थेट जुलैत, तोवर नावं वर जातील.

संध्याकाळी तनूनं पत्र मागितलं. दिलं. उभ्यानंच वाचलं. पहिल्यांदा रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा. म्हणली,

"पाठव. जागा तिला दे. पण माझ्यासाठी केलं असं लिहू नको, मम्मी. बाकी सगळं लिही. ते वाक्य नको."

म्हणलं, का?

"उद्या ग्रुपवर येईल. शाळेत सगळे म्हणतील, हिच्यासाठी त्या पोरीचा हात मोडला."

ती खोटं काय बोलली?

१५ मे, रवि. सकाळ

ते वाक्य काढून पत्र पुन्हा लिहून बघितलं. "परिपत्रक मी रोखून ठेवले." बास. का, ते न्हाई. वाचलं तर असं वाटतं की बाई विसरली, कामाच्या गडबडीत राहिलं. सचिव म्हणतील, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेता. निकाल कदाचित फिरेल. मी पुन्हा मोठ्या मनाची ठरेन. बि. सर पुन्हा तसंच नुसतं बघतील.

वाक्य ठेवलं तर खरं आहे, आणि तनूच्या कपाळावर कायमचं. तिनं काय केलं होतं? जंप मारला होता.

दोन्ही कागद टेबलावर ठेवून बसले. तनू उठून आली. आंघोळ न्हाई, आज पाण्याची पाळी न्हाई. मी तिला म्हणलं, तूच सांग कुठलं नेऊ, आणि पेन तिच्याकडं सरकवलं. तिनं घेतलं. वाक्यावर पेन टेकवून बसली. हात हलेना. माझ्याकडं बघितलं, एवढंसं तोंड करून.

तेव्हा कळलं मी काय केलं. पुन्हा तेच. माझं ओझं तिच्या अंगावर, वर तिला वाटावं की निर्णय तिचा.

पेन तिच्या हातातनं काढून घेतलं. म्हणलं, जा, तोंड पूस, हे माझं आहे. ती आत गेली.

साडेनऊ झालेत. दोन्ही कागद समोर आहेत, सही एकावरही न्हाई. रिक्षाला सव्वादहाची वेळ दिलीय.